दोन्हीकडे सुतार आहे म्हणून

मार्च लागला की आमच्या कोथरूडमध्ये सकाळी दहानंतर रस्त्यावर एक वेगळीच घाई दिसते. दुचाकीच्या मागच्या सीटवर मूल, मांडीवर पॅड, ओठांवर शेवटची उजळणी, आणि पुढून हेल्मेटमधून ओरडणारी आई, "पेनं दोन घेतलीस ना?" चौकातल्या रसवंतीची घुंगरं नुकतीच वाजायला लागलेली असतात. सावरीचा कापूस उडत उडत गॅलरीत येतो, केरसुणीला सापडत नाही आणि दुपारभर खोल्यांमधून फिरत राहतो. वर्षानुवर्षं हा माझा आवडता महिना होता. शिक्षकांना परीक्षेचा महिना आवडतो, हे मुलांना सांगू नये एवढंच.

आता आवडत नाही. आता मार्च आला की मी चालताना लोकांच्या पायांकडे बघते. माणूस वयस्कर असेल तर जास्तच. चप्पल नीट बसलीय ना, डावा पाय घासत तर नाही ना. मागे एकदा मी अशीच एका अनोळखी गृहस्थांच्या मागून अर्धा रस्ता गेले. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "आपलं काही काम होतं का?"

"नाही."

"मग आपण पुढे व्हा. मला मागून कोणी आलेलं आवडत नाही."

झाले पुढे. सांगणार तरी काय त्यांना?

हे सगळं सुरू झालं दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये.

नारायण पेठेतल्या एका शाळेत मी तीसेक वर्षं स्कॉलरशिपच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवली. त्यात 'समसंबंध' नावाचा प्रकार असतो. घोडा आणि तबेला, तर गाय आणि काय? मुलं ओरडायची, "गोठा!" सोपं वाटतं, पण नऊ-दहा वर्षांची मुलं त्यात हमखास फसतात, आणि कशी फसतात ते बघण्यात माझा जन्म गेला. गायीशेजारी 'दूध' दिसलं की निम्मा वर्ग दुधावर गोल करायचा. गाय म्हटलं की दूधच आठवतं, त्याला कोण काय करणार? घोड्याचं तबेल्याशी नातं काय, हे आधी विचारायचं आणि मग तेच नातं गायीपासून शोधायचं, एवढं त्यांच्या गळी उतरवायला दिवाळी उजाडायची. एका मुलीनं मात्र 'डॉक्टर आणि दवाखाना, तर शिक्षक आणि काय?' याला 'घर' असं उत्तर दिलं होतं. तिचे वडील घरीच शिकवण्या घ्यायचे. मी गुण कापला. आज कापला नसता.

निवृत्तीनंतर घरापासून दहा मिनिटांवरच्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर मला काम मिळालं. तिथल्या कंपनीला संगणकाची परीक्षा घ्यायची होती, मराठीतून, आणि तीही समसंबंधाचीच. माणसं जशी एका गोष्टीवरून दुसरी ओळखतात, तसं संगणकाला कितपत जमतं हे तपासायचं होतं. प्रश्न काढायला आम्ही निवृत्त मंडळी, आणि आमच्यावर यास्मिन तांबोळी. वय जेमतेम अठ्ठावीस. तिच्या घराण्याच्या चार पिढ्या रविवार पेठेत, वडिलांचं बुकबाइंडिंगचं दुकान. पहिल्याच दिवशी तिनं मला 'मॅडम' म्हटलं. मी म्हटलं, "बाई म्हण. मॅडम म्हटलं की मला कोणीतरी विमा विकतंय असं वाटतं."

तिनंच मला समजावून सांगितलं. "बाई, संगणक ढीगभर मजकूर वाचतो आणि कोणता शब्द कोणाच्या आसपास बसतो ते बघतो. नेहमी एकत्र दिसणाऱ्या शब्दांना तो जवळजवळच्या जागा देतो. एक नकाशाच तयार होतो म्हणा ना."

"म्हणजे कोण कोणाच्या बाकावर बसतं ते बघून दोस्ती ओळखायची."

"करेक्ट! मग घोड्यापासून तबेल्यापर्यंत ज्या दिशेनं, जेवढं चालावं लागतं, त्याच दिशेनं तेवढंच गायीपासून चालायचं. गोठा सापडतो." आणि थांबून म्हणाली, "सापडला तर."

दुसरीही एक पद्धत होती, जुनी. तिच्यात शब्द बाजूला ठेवून नुसती नाती बाणांनी काढायची. कोणी, कोणाला, कशामुळे, काय केलं. एका गोष्टीचे बाण दुसरीच्या बाणांवर ठेवून बघायचे. बसले, तर गोष्टी सारख्या. मग माणसं वेगळी का असेनात. मला ही पद्धत फार आवडली. आयुष्यभर फळ्यावर मी दुसरं काय करत होते?

यास्मिन आमच्याकडून तीन-तीन गोष्टींचे संच लिहून घ्यायची. एक मूळ गोष्ट, एक तिच्यासारखी नुसती दिसणारी आणि एक खरोखर तिच्यासारखी असणारी. आमचे हे, म्हणजे अनंतराव, तांत्रिक शाळेत लाकूडकाम शिकवायचे, त्यामुळे माझ्या गोष्टींत सुतार फार. माझा एक संच असा होता. एका सुताराचं दार चौकटीत बसेना, त्यानं ते जोर लावून ठोकलं आणि चौकट तडकली. दुसरी गोष्ट: एका सुताराचं दार चौकटीत बसेना, त्यानं कड रंध्यानं तासून घेतली आणि दार बसलं. तिसरी: एका बाईच्या मुलाला गणित येईना, तिनं दरडावून पाठ करून घेतलं आणि मुलानं शाळाच सोडली. पहिलीसारखी कोणती? कोणीही शहाणा माणूस म्हणेल, तिसरी.

तो संच मी फेब्रुवारीच्या शेवटी दिला. त्याचं उत्तर यायच्या आधीच घरात दुसरं काहीतरी सुरू झालं.

जानेवारीत माळ्यावरचं काहीतरी काढताना ह्यांच्या डोक्याला फळीचा कोपरा लागला होता. रक्त नाही, टेंगूळही धड नाही. मी हळद लावायला गेले तर म्हणाले, "फळीला लाव. तिला जास्त लागलंय." विसरलो आम्ही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी फिरून परत येताना ह्यांची डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि हे तसेच चार पावलं पुढे आले. ह्यांना कळलंच नाही. मी चप्पल उचलली आणि ह्यांना द्यायच्याऐवजी तिच्याकडेच बघत राहिले.

कारण ती चप्पल मी आधी पाहिली होती. ह्यांची नव्हे, श्रीकांतची, माझ्या धाकट्या भावाची. अकरा वर्षांपूर्वी त्याचीही चप्पल अशीच मागे राहायची. आम्ही त्याला हसायचो. नंतर मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशनच्या कागदावर सही करायला त्याची बायको धजेना, म्हणून मी केली. मोठी बहीण ना मी! तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. सोळा दिवसांनी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ह्यांना दवाखान्यात नेलं. धायरीला राहणारी आमची मुलगी मृणाल तिथे परस्पर आली. स्कॅन झाला. इमारत श्रीकांतच्या वेळचीच, मजला तोच, लिफ्टमधला घरघरणारा पंखासुद्धा तोच. सर्जन बाई चाळिशीच्या होत्या, शांत बोलत होत्या. कवटी, साचलेलं रक्त, दोन छिद्रं, असं काही काही त्या सांगत होत्या आणि समोरच्या पडद्यावर बोट ठेवत होत्या. मी ऐकत होते असं मृणालला वाटत होतं. मला दोनच शब्द ऐकू आले. मेंदू आणि ऑपरेशन.

"औषधावर ठेवा," मी म्हटलं.

"रक्त बरंच आहे. औषधावर थांबणं मला सुरक्षित वाटत नाही."

"नको. ऑपरेशन नको."

मृणाल म्हणाली, "आई, त्या काय सांगतायत ते तरी ऐक."

"ऐकलंय मी. अकरा वर्षांपूर्वी ऐकलंय."

ह्यांना विचारलं, तर हे पेंगुळलेल्या आवाजात म्हणाले, "घरी चल. इथला चहा वाईट आहे." मी तेवढ्याचाच आधार घेतला. सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत, असा एक छापील कागद असतो. एक सही करायची नव्हती म्हणून मी दुसरी केली.

पुढचे चार दिवस मला आजही तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. ह्यांच्या हातातून चमचा पडायचा आणि मुक्कामाला राहिलेली मृणाल आणि मी एकमेकींकडे न बघता तो उचलायचो. खाली सोसायटीच्या आवारात कोणाची तरी मुलगी येरझाऱ्या घालत विज्ञानाच्या व्याख्या पाठ करायची आणि तो आवाज दुपारभर वर यायचा. मृणाल माझ्याशी कामापुरतं बोलत होती. एकदा भाजी निवडताना म्हणाली, "मामाचं आणि बाबांचं एकच कसं असेल गं?"

"चप्पल तशीच पडली. पाय तोच. मजला तोच. आणखी काय तसंच व्हायला हवंय तुला?"

ती उठून गेली. निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकत्र झाली.

सोमवारी तिनंच मला घराबाहेर काढलं. "मी आहे इथे. तू दोन तास ऑफिसला जाऊन ये. तुझा चेहरा बघून बाबा जास्त घाबरतायत." गेले. यास्मिननं खुर्ची सरकवली आणि पडदा माझ्याकडे वळवला. "बाई, तुमच्या सुतारांचा निकाल लागला."

संगणकाच्या प्रोग्रॅमनं दुसरी गोष्ट निवडली होती. दार ठोकणारा सुतार आणि दार तासणारा सुतार, ह्या दोन गोष्टी सर्वांत जास्त सारख्या. त्यानं कारणही दिलं होतं: दोन्हींत सुतार आहे, दार आहे, चौकट आहे.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदाच हसले. "अगं, पण एकाची चौकट मोडली आणि दुसऱ्याचं दार बसलं! दोन्हीकडे सुतार आहे म्हणून गोष्ट तीच?"

"तेच ना. त्याला सुतार दिसतो. काय झालं, कशामुळे झालं, ते निसटतं. आता नव्या प्रोग्रॅमना बऱ्याचदा जमतं. पण समजून जमतं की तसंच कुठे वाचलेलं असतं म्हणून, ते आम्हालाही छातीठोक सांगता येत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका कसे आहेत?"

मी सांगितलं. श्रीकांतचं सांगितलं, चप्पल सांगितली, मजला सांगितला. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "तुमच्या भावाला गाठ होती. कुठे?"

"मेंदूच्या आत. खोल."

"आणि काकांचं रक्त?"

"डोक्यात."

"डोक्यात कुठे, बाई?"

तिनं उपदेश केला नाही. रोजच्या सवयीनं एक कोरा कागद ओढला, मधोमध रेघ मारली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी श्रीकांतची बाजू लिहीत गेले. गाठ कुठे होती, डॉक्टरांना कशाला हात लावावा लागणार होता, ऑपरेशन न करता काय झालं असतं. सगळं मला पाठ होतं, अकरा वर्षं घोकलेलं. मग ह्यांच्या बाजूला आले. तिथे मी लिहिलं, 'चप्पल'. मग 'डावा पाय'. मग 'तोच मजला'. त्यापुढे पेन हलेना. कशाला हात लावणार, माहीत नाही. नाही केलं तर काय, माहीत नाही. सर्जन बाईंनी हे सगळं बोट ठेवून सांगितलं होतं. मी समोर बसले होते.

मी त्या कागदाकडे बघत असतानाच मृणालचा फोन आला. "आई, बाबा उठत नाहीयेत. हाक मारली की डोळे उघडतात आणि परत मिटतात. ॲम्ब्युलन्स बोलावलीय. तू थेट तिकडेच ये."

यास्मिननं स्कूटर काढली. नेमका पेपर सुटला होता. शाळेच्या फाटकातून मुलांचा लोंढा रस्त्यावर आला होता, पालकांच्या गाड्या आडव्यातिडव्या लागल्या होत्या, आणि आमच्या दोन्ही बाजूंनी मुलं एकमेकांना विचारत होती, "तुझं काय आलं? तुझं काय आलं?" यास्मिन हॉर्न वाजवत, पाय टेकत, "दादा, पेशंट आहे, जाऊ द्या ना," म्हणत वाट काढत होती. मी तिच्या खांद्याला इतकं घट्ट धरलं होतं की नंतर तिच्या कुडत्याची शिवण उसवलेली दिसली.

दवाखान्यात सर्जन बाई बाहेर आल्या. त्या रागावतील असं मला वाटलं होतं, पण रागवायलाही वेळ नसावा. मी म्हटलं, "एकदाच सांगा. या खेपेला मी ऐकतेय. मेंदूत काय करणार?"

"मेंदूत काहीच करणार नाही. रक्त कवटी आणि मेंदू यांच्या मधल्या जागेत साचलंय आणि मेंदूला दाबतंय. कवटीला दोन छिद्रं पाडून ते बाहेर काढायचं. मेंदू आपला आपण जागेवर येतो."

"नाही काढलं तर?"

"आता जे होतंय ते वाढत जाईल."

"जोखीम?"

"आहे. वय आहे, आणि उशीर झालाय. पण तुमच्या भावाच्या ऑपरेशनशी याची तुलना नका करू. मृणालनं सांगितलं मला."

मी सही केली.

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघी बसलो. मृणाल, मी आणि यास्मिन. मी मनातल्या मनात स्वतःवर खटला चालवत होते. प्रोग्रॅमला मी हसले होते. पण माझ्या डोक्यात तरी दुसरा कसला नकाशा होता? 'मेंदू' आणि 'ऑपरेशन' यांच्या शेजारी 'श्रीकांत' बसला होता आणि त्याच्या शेजारी मरण. मी डोळे मिटून शेजारच्या घरात शिरले होते. प्रोग्रॅम निदान घाबरून तरी चुकला नव्हता. त्याचं कोणी गेलेलं नाही.

आणि तरीही एक गोष्ट मला त्या बाकावर बसून सोडवता आली नाही. अजूनही येत नाही. श्रीकांतची चप्पल मी पाहिली नसती, तर ह्यांची चप्पल पडल्यावर मी म्हटलं असतं, वय झालं, नवीन जोड घेऊ. दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला तो त्या सारखेपणामुळेच. ज्या आठवणीनं मला दारापर्यंत पोचवलं, तिनंच दारात हात आडवा घातला. मग तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? मुलांना मी सांगायचे, आधी नातं शोधा. पण सारखं दिसल्याशिवाय माणूस शोधायला तरी कशाला जाईल?

तासाभरानं दार उघडलं. सर्जन बाईंनी मास्क खाली केला आणि नुसती मान हलवली. होकारार्थी. मृणाल माझ्या गळ्यात पडली. चार दिवसांनी ती मला पहिल्यांदा शिवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे जागे होते, डोक्याला पांढरी पट्टी. तपासायला आलेल्या सिस्टरनं विचारलं, "आजोबा, डोकं कसं दुखतंय? टोचल्यासारखं, की दाबल्यासारखं, की ठणकल्यासारखं?"

हे म्हणाले, "डोक्यासारखं."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

ह्यांचा पाय सुधारला. बोलणं तर काय, कधी बिघडलंच नव्हतं. डाव्या हाताची पकड मात्र पहिल्यासारखी आली नाही. रंधा दोन्ही हातांनी धरावा लागतो; तो आता सरळ चालत नाही. सहा महिन्यांनी मी सर्जन बाईंना एकटीनं गाठून विचारलं, "ते चार दिवस वाया घालवले नसते, तर हात राहिला असता का?"

त्या खरं बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "कदाचित. सांगता येत नाही."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "घरी चल असं मीच म्हणालो होतो. सगळं श्रेय एकटी घेऊ नकोस." मग थोड्या वेळानं म्हणाले, "रंधा विकून टाकू. जागा अडवतोय." तो अजून विकलेला नाही. दोघांपैकी कोणीही तो विषय काढत नाही.

यंदाच्या मार्चमध्ये, परीक्षा ऐन भरात असताना, दुसऱ्या मजल्यावरचे पेंडसे आमच्या दारात उभे राहिले. हातात स्कॅनचं मोठं पाकीट. त्यांच्या आई शहाऐंशीच्या आहेत, न्हाणीघरात घसरल्या होत्या.

"वहिनी, आईला रक्त साचलंय म्हणतायत. ऑपरेशन सांगितलंय. तुमच्या ह्यांचं तेच झालं होतं ना? छान हिंडतायत. म्हणजे करून टाकायला हरकत नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

'हो' माझ्या जिभेवर आलं होतं. आमचं बरं झालं होतं, ते खोटं नव्हतं. समोर एक घाबरलेला माणूस उभा होता आणि त्याला धीर द्यायला एक शब्द पुरला असता.

"आमचं बरं झालं," मी म्हटलं. "तुमच्या आईंचं मला माहीत नाही. त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? रक्त ताजं आहे की जुनं? डॉक्टरांना विचारलंत?"

पेंडशांचा चेहरा उतरला. "मी आपलं आपुलकीनं विचारायला आलो होतो," म्हणाले, आणि जिन्यानं खाली गेले. हे आतून म्हणाले, "एवढा माणूस दारात आला. हो म्हणायला काय जात होतं?"

"म्हणवलं नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी आठला पेंडशांचा फोन आला. आवाज बसलेला होता. "वहिनी, अकराला डॉक्टरांनी बोलावलंय. तुम्ही याल का बरोबर? काय विचारायचं तेच मला कळत नाही."

रिक्षात आई मध्ये बसल्या होत्या. एका बाजूला पेंडसे, पाकीट छातीशी धरून. दुसऱ्या बाजूला मी. आईंची सुती साडी कडक इस्त्रीची होती. दवाखान्यात जायचं म्हणून मुद्दाम नेसलेली. मुलगा काही बोलला तरी समोर बघत होत्या. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं वाकल्या आणि विचारलं, "तुमच्या यजमानांना दुखलं का हो?"

बाकीचं मला काही माहीत नव्हतं, पण एवढं माहीत होतं.

"दुखलं," मी म्हटलं. "पण सोसण्याइतकं."

त्यांनी मान हलवली. माझा हात मात्र सोडला नाही.